मनाच्या दुखण्यावर गोव्याचा उतारा

नैराश्यावरील संवादोपचार हे केवळ उच्चशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचेच काम आहे, असा समज अनेक वर्षे रूढ होता. महानगरातील खासगी दवाखाना, तासाच्या हिशेबाने आकारले जाणारे शुल्क आणि महिनोन्‌महिने चालणारी सत्रे असे चित्र या उपचाराच्या नावाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र गेल्या दोन दशकांत झालेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला आहे. मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेली, पण नेमके प्रशिक्षण घेतलेली सामान्य व्यक्ती सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णाला बरे होण्यास मदत करू शकते, हे शास्त्रीय चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. विशेष म्हणजे यातील काही महत्त्वाच्या चाचण्या लंडन वा न्यूयॉर्कच्या नामांकित संस्थांत नव्हे, तर गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत पार पडल्या.

या संशोधनाचे मोल समजून घ्यायचे, तर आधी तुटवडा किती मोठा आहे ते पाहावे लागते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा या बारा राज्यांत समावेश नव्हता. तरीही त्याचे निष्कर्ष सगळ्यांनाच विचार करायला लावणारे आहेत. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण केरळमध्ये लाख लोकसंख्येमागे १.२, तर मध्य प्रदेशात अवघे ०.०५ होते.

दरवर्षी नवे मनोविकारतज्ज्ञ घडत असले, तरी ही दरी केवळ तज्ज्ञांच्या संख्येने भरून निघणे कठीण आहे. शिवाय तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेले असतात. एका रुग्णाला आठवड्यातून एकदा पाऊण तास द्यायचा, तर एक तज्ज्ञ दिवसाकाठी किती जणांना पाहू शकेल, हा साधा हिशेबही निराश करणारा आहे. त्यामुळे सरकारी बाह्यरुग्ण विभागात नैराश्याच्या रुग्णाच्या वाट्याला बहुधा गोळ्यांची चिठ्ठी येते. निवांत संवाद येत नाही.

'टेन्शन'ची भाषा

या कोंडीतून वाट शोधण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत डॉ. विक्रम पटेल हे नाव अग्रभागी आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि पुढे लंडन व हार्वर्ड येथे अध्यापन-संशोधन करणाऱ्या डॉ. पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली. आरोग्य केंद्रात येणारे रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाहीत, हे तेथील कामातून ठळकपणे पुढे आले. झोप लागत नाही, अंग दुखते, थकवा जात नाही, कशात लक्ष लागत नाही, डोक्याला टेन्शन आहे, अशा तक्रारी घेऊन ते येतात. त्यांना 'मानसिक आजार' हा शब्द ऐकवला, तर दुसऱ्यांदा ते फिरकण्याची शक्यता कमी. म्हणून संगतच्या कार्यक्रमांत 'टेन्शन' हाच शब्द स्वीकारण्यात आला. समुपदेशकालाही मनोविकारांचा नव्हे, तर आरोग्याचा सल्लागार असे स्वरूप देण्यात आले. बदल वरवर छोटा वाटतो. पण रुग्णाला दाराच्या आत आणणारा हाच बदल होता.

पहिली मोठी चाचणी 'मानस' या नावाने झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोव्यातील बारा सरकारी आणि बारा खासगी, अशा चोवीस दवाखान्यांतील सुमारे २८०० रुग्णांचा तीत समावेश होता. अर्ध्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशक देण्यात आला आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य मिळेल अशी व्यवस्था करण्यात आली. सरकारी केंद्रांतील ज्या रुग्णांमध्ये विकाराचे निदान पक्के झाले होते, त्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत हेच प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. तेथे दोन्ही गटांतील साधारण सारखेच रुग्ण बरे झाले. म्हणजेच जेथे डॉक्टरकडे वेळ कमी आणि गर्दी जास्त, तेथेच समुपदेशकाची मदत सर्वाधिक उपयोगी पडली.

मन लागत नाही म्हणून करत नाही, की करत नाही म्हणून...

'मानस'च्या अनुभवानंतर संशोधकांनी अधिक नेमका, अधिक तीव्र नैराश्यासाठी चालेल आणि शिकवायला सोपा असा उपचार तयार करायला घेतला. त्यातून 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' म्हणजेच 'हॅप' उभा राहिला. त्याचा गाभा 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' या पद्धतीचा आहे. मराठीत तिला कृतिप्रवण उपचार म्हणता येईल.

या पद्धतीमागील विचार जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात असे मांडले, की नैराश्यातील माणसाच्या आयुष्यातून समाधान देणाऱ्या गोष्टी हळूहळू नाहीशा होतात आणि त्यामुळे नैराश्य आणखी गडद होते. १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील नील जेकबसन व सहकाऱ्यांनी विचार बदलण्यावर भर देणाऱ्या प्रचलित उपचाराचे घटक सुटे करून तपासले. तेव्हा त्यातील केवळ कृतीचा भागही संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोब्रा' चाचणीतही असेच दिसले. तेथे मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला कृतिप्रवण उपचार, प्रशिक्षित मानसोपचारकांनी दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा कमी ठरला नाही आणि खर्च मात्र कमी आला.

या उपचाराचे तत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मुले शिक्षणासाठी परगावी गेल्यानंतर एखाद्या गृहिणीचे कशातच मन रमेनासे झाले. तिने आधी भजनी मंडळाला जाणे थांबवले, मग शेजारणीकडची ये-जा बंद केली, पुढे स्वयंपाकही कसाबसा उरकू लागली. उरलेला वेळ पडून राहण्यात आणि तेच तेच विचार उगाळण्यात जाऊ लागला. घरचे सांगतात, 'मनावर घेऊ नकोस, उत्साहात राहा.' पण उत्साह हुकुमाने येत नाही. कृतिप्रवण उपचार येथे क्रम उलटा करतो. उत्साह आल्यावर काम करू, असे म्हणत थांबण्याऐवजी आधी अगदी लहानशी कृती ठरवली जाते. तिच्यापाठोपाठ मनःस्थितीत होणारा बदल टिपला जातो.

पहिल्या एक-दोन भेटींत समुपदेशक रुग्णाला हे दुष्टचक्र समजावून सांगतो. दिवसभरात काय केले आणि तेव्हा कसे वाटले, याची नोंद ठेवायला शिकवतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी ही नोंद बोलण्यातून केली जाते. मधल्या भेटींत रुग्णाला ज्यांत आनंद किंवा काही साधल्याचे समाधान मिळे, अशा गोष्टी हुडकून त्यांचे वेळापत्रक आखले जाते. भजनी मंडळाला एकदम न जाता आधी केवळ एका मैत्रिणीला फोन करणे, हीसुद्धा एक पायरी ठरते. कर्ज, भांडण, आजारपण यांसारख्या प्रत्यक्ष अडचणी असतील, तर त्या सुट्या करून एकेकीवर मार्ग शोधला जातो. शेवटच्या भेटींत पुन्हा घसरण सुरू झाल्यास ती कशी ओळखावी आणि काय करावे, याची तयारी करून घेतली जाते. एक भेट अर्ध्या तासाची, फार तर चाळीस मिनिटांची. ती आरोग्य केंद्रात होऊ शकते, घरी होऊ शकते आणि गरज पडल्यास फोनवरही होऊ शकते.

आकडे काय सांगतात?

'हॅप'ची चाचणी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात झाली. कोकणी, मराठी, हिंदी वा इंग्रजी बोलणारे १८ ते ६५ वयोगटातील ४९५ रुग्ण तीत सहभागी झाले. नऊ प्रश्नांच्या आणि २७ गुणांच्या प्रमाणित चाचणीत या सर्वांचे गुण १४ पेक्षा अधिक, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांतील रुग्णांच्या चाचणीचा निकाल त्यांना स्वतःला आणि डॉक्टरांना कळवण्यात आला. डॉक्टरांना उपचारांची मार्गदर्शक तत्त्वेही देण्यात आली. एका गटाला याखेरीज 'हॅप'च्या भेटी मिळाल्या.

तीन महिन्यांनंतर 'हॅप' घेतलेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. सोप्या भाषेत सांगायचे, तर हा उपचार घेणाऱ्या दर चार जणांमागे एक जण असा होता, जो एरवी त्या मुदतीत बरा झाला नसता. एखाद्या औषधाच्या बाबतीत असा निकाल लागला असता, तर त्याची मोठी वाहवा झाली असती. वर्षभरानंतरच्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ६३ आणि ४८ टक्के असल्याचे दिसले. दोन गटांतील अंतर कमी झाले. परंतु 'हॅप' घेतलेल्यांनी कमावलेले टिकवले. रुग्ण प्रत्यक्षात किती कृतिशील झाला, यावर त्याच्या सुधारणेचा बराच भाग अवलंबून असल्याचेही विश्लेषणात आढळले. म्हणजे केवळ कोणी आपुलकीने विचारपूस केली म्हणून नव्हे, तर उपचारातील नेमक्या घटकामुळे गुण आला, असे मानायला आधार मिळाला.

याच धर्तीवर मद्यपानाच्या विळख्यातील पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचा उपचार तयार करण्यात आला. ३७७ पुरुषांवरील या चाचणीचे निष्कर्ष 'हॅप'बरोबरच २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्यांपैकी ३६ टक्के, तर इतरांपैकी २६ टक्के पुरुष घातक मद्यपानाच्या पातळीखाली आले. उपचारानंतरच्या पाहणीपूर्वीच्या दोन आठवड्यांत मद्याला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते.

हरारेतील आजी, रावळपिंडीतील आरोग्यसेविका

गोव्यातील यश हे एकटे-दुकटे उदाहरण नाही. युगांडातील तीस खेड्यांत स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन गटोपचार चालवण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार घेतलेल्यांपैकी अवघे ६.५ टक्के लोक नैराश्याच्या निकषांत उरले. इतर खेड्यांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते. पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावोगावच्या महिला आरोग्यसेविकांनी ४६३ गर्भवतींना नेहमीच्या गृहभेटींतच मानसिक आधाराचे उपचार दिले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. उपचार न मिळालेल्या गटात ५३ टक्के. झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून वयस्कर महिलांनी रुग्णांशी बोलण्याचा उपक्रम सुरू केला. तेथील शोना भाषेत या दुखण्याला 'अति विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे आणि तोच उपचारासाठी वापरण्यात आला. ५७३ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनंतर १४ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे उरली. दुसऱ्या गटात ती ५० टक्क्यांच्या घरात होती.

महाराष्ट्रात विदर्भातील अमरावती जिल्ह्यात, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, 'विश्राम' हा कार्यक्रम तीस गावांत राबवण्यात आला. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची तीन स्तरांची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी कार्यक्रम न राबवलेली गावे नव्हती. त्यामुळे सगळी सुधारणा केवळ 'विश्राम'मुळेच झाली, असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही गावातच विचारणारा कोणी असेल, तर माणसे मदत मागतात, एवढे यातून निश्चित दिसते.

आता हा प्रवाह उलट दिशेनेही वाहू लागला आहे. कॅनडातील टोरांटो आणि अमेरिकेतील शिकागो व नॉर्थ कॅरोलायना येथे गरोदर आणि नवमातांसाठी १२३० महिलांवर कृतिप्रवण उपचाराची मोठी चाचणी झाली. परिचारिका, सुईणी यांसारख्या बिगरतज्ज्ञांनी दिलेला उपचार तज्ज्ञांनी दिलेल्या उपचाराच्या तोडीचा असल्याचा, तसेच दूरध्वनीपटावरील भेट प्रत्यक्ष भेटीइतकीच परिणामकारक असल्याचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसा आणि तज्ज्ञ या दोन्ही बाबतींत संपन्न मानल्या जाणाऱ्या देशांतही रांगा लांबच लांब आहेत, हे त्यामागील कारण.

सल्ला म्हणजे उपचार नव्हे

या निष्कर्षांचा सोयीस्कर अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. कोणीही चार शब्द धीराचे बोलले की झाले, असे हे संशोधन सांगत नाही. 'हॅप'च्या समुपदेशकांसाठी किमान दहावीपर्यंतचे शिक्षण आणि स्थानिक भाषेवर प्रभुत्व एवढीच अट होती, हे खरे. परंतु निवडीनंतर त्यांचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि सहा महिन्यांची उमेदवारी झाली. त्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण गटाने एकत्र बसून ऐकण्याची आणि ठरावीक निकषांवर गुण देण्याची पद्धत होती. आरंभी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली हे काम चाले. पुढे समुपदेशक एकमेकांचे परीक्षण करू लागले. उपचाराची गुणवत्ता टिकते ती या देखरेखीमुळे. सल्ला देणारा स्वतःकडचे शहाणपण सांगतो. समुपदेशक रुग्णाकडून त्याचीच पुढची पायरी काढून घेतो. हा फरक शिकावा लागतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. 'हॅप' घेऊनही सुमारे एक तृतीयांश रुग्ण तीन महिन्यांत बरे झाले नव्हते. अशांसाठी औषधोपचार आणि तज्ज्ञांची गरज असते. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, आत्महत्येचा तीव्र धोका अशा स्थितींत तर मनोविकारतज्ज्ञाला पर्याय नाही. म्हणूनच समुपदेशक ही तज्ज्ञाची जागा घेणारी व्यक्ती नसून, त्याच्यापर्यंत नेणारी पहिली पायरी आहे. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या या उपचाराच्या भरवशावर परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

प्रश्न आता ज्ञानाचा नाही

उपाय सापडला, तो स्वस्त आहे, आपल्या भाषेत आणि आपल्या दवाखान्यांत तपासला गेला आहे. मग तो सर्वत्र का नाही? याचे उत्तर मानसशास्त्रात नव्हे, तर आरोग्य व्यवस्थेच्या रचनेत आहे. संशोधन प्रकल्पाला मुदत असते. आरोग्य केंद्राला मंजूर पदे लागतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांत मानसिक आरोग्याचा समावेश करण्यात आला आहे. पण सेवा कागदावर असणे आणि आठवड्यातून एकदा रुग्णासमोर अर्धा तास बसणारी व्यक्ती असणे, यांत अंतर आहे. हे काम आशा सेविकांकडे सोपवावे, असा विचार पुढे येतो. तथापि लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंतचा भार वाहणाऱ्या आणि बऱ्याच अंशी कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या या महिलांवर आणखी एक जबाबदारी टाकताना, तिचा मोबदला आणि देखरेख यांची तरतूद झाली नाही, तर उपचाराचे केवळ नाव उरेल.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीसह अनेक भाषांत समुपदेशकाशी बोलता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटणे, कशातही रस न उरणे, झोप-भूक बिघडणे, स्वतःविषयी तिरस्कार वाटणे, जगणे नकोसे होणे, अशी लक्षणे स्वतःत वा घरातील कोणात दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांशी किंवा या क्रमांकावर बोलावे. मात्र एका फोनने सहा भेटींचे काम होत नाही. ताप आल्यावर ज्या आरोग्य केंद्राची पायरी चढायची, त्याच केंद्रात 'टेन्शन'साठीही कोणी समोर बसून ऐकणारे, शिकलेले माणूस असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ते शक्य आहे, हे गोव्यातील दहा आरोग्य केंद्रांनी दाखवून दिले आहे.